कंपनी आपली, मग मालक कोण?



मागच्या तालुका बैठकीत आम्ही नेहमीप्रमाणे बोलत होतो. शेतकरी उत्पादक कंपनी, भागभांडवल, संचालक मंडळ, मुख्य कार्यकारी अधिकारी असे सगळे फळ्यावर लिहून झाले. मागच्या रांगेतला एक म्हातारा कास्तकार उठला आणि म्हणाला, "साहेब, कंपनी काढता तं काढा. पन मालक कोन हाये तिचा?" आम्ही म्हणालो, "बाबा, तुम्हीच." त्यावर तो म्हणाला, "मंग मले माह्याच दुकानात जाचं तं तुमच्या म्यानेजरले काऊन पुसा लागते?" सभेत हशा झाला. आम्हीही हसलो. परतीच्या एसटीत मात्र ते हसू टिकले नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा जिल्हा बैठकीपुढे ठराव असेल. तालुक्यातालुक्यांतले गट एकत्र करायचे, त्यांची एक कंपनी करायची, हंगामापुरते एक जिनिंग भाड्याने घ्यायचे आणि कापसाऐवजी रुई व सरकी विकायची. ठरावाला फारसा विरोध नाही. वाद आहे तो कारभार कोणाच्या हाती द्यायचा याचा. आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, एक खंबीर माणूस बघा, सगळे त्याच्या हवाली करा, शेतकऱ्याला दहा तोंडांचा कारभार झेपत नाही. दुसरे म्हणतात, शहरातून पदवीवाला व्यवस्थापक आणा, कंपनी म्हणजे काही भजनी मंडळ नव्हे. दोन्ही बाजू माणूस शोधत आहेत. आमचे म्हणणे असे की माणसाच्या आधी रचना बघा. रचना जशी असेल तसा पुढारी तीत तयार होतो. चांगला माणूस वाईट रचनेत घातला तर दोन हंगामांत तो तिच्यासारखा होतो. हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आपल्या कापसावरच ते चारदा होऊन गेले आहे.

सुरुवात व्यापाऱ्यापासून करू, कारण शिव्या द्यायला तो सोपा आहे. खाजगी जिनवाला सकाळी सातला फोन उचलतो. रुईचा खंडीचा भाव काय, सरकी कितीने गेली, ढेपेला उठाव आहे का, एवढे विचारून दहा मिनिटांत तो आजचा कापसाचा भाव काढतो. त्याला ना संचालक मंडळ, ना ठराव, ना कोरम. चुकले तर त्याचे पैसे जातात आणि बरोबर आले तर त्याच्याच खिशात पडतात, म्हणून त्याचे डोके जाग्यावर असते. रात्री अकराला पोरीच्या लग्नासाठी पैसे मागायला गेलात तर तो देतो. त्याचे व्याज तो काट्यावर वसूल करतो हे आपल्याला कळते, तरी आपण जातो. कारण आपल्या सोसायटीचा सचिव रात्री अकराला दार उघडत नाही. एकट्या मालकाच्या धंद्यात हुकूम चालतो, आणि तो चालतो कारण जोखीमही त्याच एकट्याची असते. आमच्या खंबीर माणसाच्या भक्तांनी एवढेच लक्षात घ्यावे. तुमचा खंबीर माणूस हुकूम व्यापाऱ्यासारखा सोडेल, पण बुडणारा पैसा तुमचा असेल.

दुसरा अनुभव एकाधिकाराचा. 1971 चा कायदा झाला, 1972 पासून खरेदी सुरू झाली, पुढे 1984 साली कापूस उत्पादकांचा पणन महासंघ वेगळा निघाला. नावात 'सहकारी' होते, 'उत्पादक' होते. महाराष्ट्रात कापूस विकायचा तर एकच गिऱ्हाईक, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे म्हणे आपणच! भाव मंत्रालयात ठरे. पैसा शिखर बँकेकडून येई आणि त्याला हमी सरकारची असे. वर अधिकारी सरकारकडून येई आणि बदली झाली की जाई. मग या सगळ्या डोलाऱ्यात शेतकऱ्याच्या नजरेला पडणारा पुढारी कोण? ग्रेडर. थंडीत तीन-तीन रात्री बंडीखाली काढलेल्या माणसाला अध्यक्षाचे नाव ठाऊक नसे, ग्रेडरचे मात्र गोत्रासकट ठाऊक असे. मूठभर कापूस हातात घेऊन तो जे बोलेल ती प्रत. वर दाद नाही, खाली उत्तर नाही. चुकारा हप्त्याहप्त्याने. राज्याच्या सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी माल न्यायचा नाही, नेला तर चोर.

त्या योजनेच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पडत्या बाजारात काही वर्षे तिने आधार दिला, म्हणूनच जुने लोक आजही तिची आठवण काढतात. पण जिथे सभासदाला निघून जाण्याची मुभा नाही, तिथे पुढाऱ्याला सभासदाचे ऐकण्याची गरज राहत नाही. डिसेंबर 1986 मध्ये कापसाच्या आंदोलनात सुरेगावला गोळीबार होऊन शेतकरी मेले. आपल्याच नावाने चाललेल्या खरेदीत आपले गाऱ्हाणे ऐकवण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागत होते, यातच त्या रचनेची पारख झाली. 2002 साली खाजगी खरेदीला दार उघडले आणि पहिल्या संधीला शेतकरी महासंघ सोडून निघाला. कोणी त्याला थांबा म्हणायलाही आले नाही.

तिसरा अनुभव सूतगिरण्यांचा. कापूस पिकतो तिथे सूत निघावे, हा विचार उत्तम होता. आता भांडवलाची मांडणी बघा. अनेक वर्षे चाललेला नमुना असा: शंभर रुपयांत पाच रुपये सभासदांचे, पंचेचाळीस सरकारचे, पन्नास कर्जाचे. आता सांगा, अध्यक्षाने तोंड कोणाकडे करून बसावे? पाच रुपयेवाल्याकडे की पंचेचाळीस रुपयेवाल्याकडे? आपण म्हणत राहिलो की अध्यक्ष बिघडले, मुंबईला जास्त राहतात, गिरणीत नातेवाईक भरतात. ते खरेच आहे. पण पंचाण्णव टक्के पैसा जिथून येतो तिकडे धावणे ही त्या खुर्चीची नोकरीच होती. ज्याचा पैसा त्याचे राज्य, मग भिंतीवर 'विना सहकार नाही उद्धार' कितीही मोठ्या अक्षरांत लिहा.

इथे कोणीतरी नक्की विचारणार की साखर कारखाने कसे चालले? 1950 साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला तो विठ्ठलराव विखे पाटलांच्या पायपिटीवर, आणि पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, म्हणजे अर्थशास्त्रातले पंडित. शेतकरी आणि जाणकार अशी ती जोडी होती आणि शेतकऱ्यांनी घरातले किडूकमिडूक विकून भाग घेतले होते. सुरुवात नेक होती यात शंका नाही. पण उसाचा स्वभाव कापसासारखा नाही. ऊस तोडला की तासातासाला वजन आणि साखर उतरते. तो घरात गंजी लावून ठेवता येत नाही, शंभर कोसांवर नेता येत नाही. म्हणून तोडणीची तारीख ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव. अध्यक्षाविरुद्ध सभेत बोललात तर ऊस मार्चपर्यंत शेतात वाळतो, हे भय प्रत्येक सभासदाच्या पोटात असते. सहकारसम्राट काही आईच्या पोटातून सम्राट म्हणून आले नाहीत. तोडणीच्या चिठ्ठीने त्यांना सम्राट केले. पहिल्या पिढीतला सेवक आणि तिसऱ्या पिढीतला वारसदार यांच्यामध्ये ती चिठ्ठी उभी आहे. कापूसवाल्याला निदान एवढे भाग्य आहे की त्याचा कापूस खोलीत राहतो. आपल्या कंपनीने हे भाग्य हिरावून घेता कामा नये. सभासदाने माल कंपनीलाच घातला पाहिजे अशी सक्तीची अट कोणी सुचवली, तर तिथेच हात वर करा.

चौथे उदाहरण आपल्या राज्यातले नाही, पण टाळता येत नाही. 1946 साली खेडा जिल्ह्यातल्या दूधवाल्यांनी पंधरा दिवस दूध रोखले आणि त्यातून आणंदचा संघ उभा राहिला. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. 1949 साली सरकारी नोकरीच्या बंधनाने व्हर्गिस कुरियन तिथे आले, गुजराती न येणारा केरळी इंजिनियर. पुढे तो संघाचा व्यवस्थापक झाला. कुरियन यांच्यावर पोवाडे पुष्कळ झाले. आम्हाला महत्त्वाचे वाटतात ते त्रिभुवनदास. गावागावात फिरून संस्था बांधणे, निवडून येणे, सभासदांच्या शिव्या खाणे हे त्यांचे काम. यंत्र, विक्री, हिशेब हे व्यवस्थापकाचे काम. अध्यक्षाने व्यवस्थापकाच्या कामात भाचे-पुतणे घुसवले नाहीत, आणि राजकारण्यांनी व्यवस्थापकावर डोळे वटारले तेव्हा मध्ये उभे राहिले. कुरियन मवाळ गृहस्थ होते असे कोणी म्हणणार नाही. एककल्ली, हुकमी स्वभावाचा माणूस. तरीही ते चालले, कारण खाली एक गोष्ट रोज दोनदा घडत होती. गावच्या डेअरीत बाई कासंडी घेऊन जाते, तिच्या डोळ्यांदेखत माप होते, डोळ्यांदेखत फॅट निघते आणि पैसे वेळच्या वेळी हातात पडतात. वर हुकूमशहा बसला तरी त्या बाईला फसवण्यासाठी त्याला रोज सकाळ-संध्याकाळ फसवावे लागले असते. आणि 2006 साली जिल्हा संघांचे अध्यक्ष विरोधात गेले तेव्हा गुजरातच्या महासंघाचे अध्यक्षपद त्याच कुरियनांना सोडावे लागले. झाले ते योग्य की अयोग्य यावर वाद घाला. पण एवढ्या मोठ्या माणसालाही जिथून जावे लागते, ती संस्था त्याच्या खिशातली नव्हती.

कापसाला हे जसेच्या तसे लागू होत नाही. दूध रोज, कापूस तीन वेचण्या. म्हणून आणंदची नक्कल करा असे आम्ही म्हणत नाही. डोळ्यांदेखतचे माप मात्र उचलून आणलेच पाहिजे. क्विंटलभर कापसात रुई किती निघते याची परीक्षा आजही आपल्यासमोर होत नाही. एकाचा उतारा 33, दुसऱ्याचा 36, भाव दोघांना सारखा. हिशेबापुरता रुईला किलोला 150 आणि सरकीला 35 रुपये भाव धरा. तीन किलो सरकीच्या जागी तीन किलो रुई, म्हणजे क्विंटलमागे 345 रुपयांचा फरक. चांगले बियाणे निवडणारा, कवडी वेगळी काढणारा, ओला कापूस न भरणारा कास्तकार हे 345 रुपये दरवर्षी शेजाऱ्याला आणि व्यापाऱ्याला वाटून देतो. आपल्या जिनिंगच्या दारात नमुन्याचे छोटे रेचे यंत्र आणि ओलावा मोजण्याचे यंत्र ठेवा, आकडा पाटीवर लिहा. दहा भाषणांनी येणार नाही तेवढा विश्वास त्या पाटीने येईल.

आता आपल्या कंपनीकडे वळू. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी आली. कायदा वाचला तर वाईट नाही. दहा शेतकरी मिळून ती काढू शकतात. भाग कितीही असोत, माणशी मत एकच. संचालक पाच ते पंधरा. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ हवा आणि तो सभासदांपैकी नसावा. म्हणजे त्रिभुवनदास आणि कुरियन अशी जोडी कायद्यानेच बांधून दिली आहे. मग अडते कुठे?

हिशेब करू. 2020 सालच्या दहा हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत मैदानी भागासाठी किमान 300 सभासद सांगितले. माणशी दोन हजारांचा भाग धरला तर सहा लाख. तेवढेच सरकारचे समभाग अनुदान. झाले बारा लाख. कापसाचा भाव 7,500 धरला तर बारा लाखांत येतो 160 क्विंटल. पाच क्विंटलाला 170 किलोची एक गाठ, म्हणजे 32 गाठी. तीनशे कास्तकारांची कंपनी, आणि प्रत्येकाचा धड एक क्विंटलही रोखीने घेण्याची तिची ऐपत नाही! दिवाळीच्या आधी शेतकऱ्याला रोख पाहिजे. मग शंभर गाठींसाठी लागणारे साडेसदतीस लाख कोण आणतो? जो आणतो तो मालक. कधी तो गावातला कृषी केंद्रवाला संचालक असतो, कधी पडद्याआडचा व्यापारीच असतो. फळ्यावर आम्ही माणशी एक मत असे लिहितो आणि काट्यावर एकाच माणसाची मते मोजली जातात.

हे आम्ही दुसऱ्याची निंदा म्हणून लिहीत नाही. एका तालुक्यात आम्ही स्वतः उभी केलेली कंपनी अशीच गेली. दहा संचालक निवडले, त्यांतले चार एकाच भावकीतले निघाले. आम्हाला ते माहीत होते, पण नोंदणीची घाई होती. व्यवस्थापक म्हणून सल्लागार संस्थेने एक पदवीधर मुलगा पाठवला. मुलगा कष्टाळू होता. पण त्याचा पगार योजनेतून, त्याचा अहवाल संस्थेकडे, त्याची परीक्षा संस्थेच्या फॉर्मात. गावाला तो कशाला उत्तर देईल? योजनेतले व्यवस्थापन खर्चाचे अठरा लाख तीन वर्षांचे. ते संपले तसा तो गेला. त्याआधीच्या हंगामात भाव वाढेल म्हणून माल धरून ठेवायचा असे मोठ्या संचालकांनी परस्पर ठरवले होते. त्यांच्या घरात दोन वर्षांचे धान्य होते, ते थांबू शकत होते. ज्याला बँकेचा हप्ता होता त्याला कोणी विचारले नाही. भाव उतरला. सभासद गुपचूप पुन्हा जुन्या अडत्याकडे गेले. अडत्याने चहा पाजला आणि विचारले, "काय, कंपनी कशी आहे?" त्या चहाची चव आमच्याही तोंडातून गेलेली नाही. आमच्यातल्या कृषी पदवीवाल्यांनी तिथे बीजप्रक्रिया, गुलाबी बोंडअळीचे सापळे, फरदड न घेण्याचे फायदे सगळे शिकवले. सभासदाने जमाखर्च कसा वाचायचा एवढे मात्र शिकवले नाही.

म्हणून खंबीर माणूस मागणाऱ्यांना आमचा सवाल आहे. रास्ता रोकोला माणसे जमवणारा पुढारी जिनिंग चालवू शकेल हे तुम्ही कशावरून ठरवले? आंदोलनात एकाने हाक द्यावी आणि हजारांनी उठावे, तिथे चर्चा करीत बसले तर पोलीस येतात. आपल्या चळवळीची ताकद या हाकेत होती. सभासद नोंदवही नसतानाही माणसे येत, कारण न पटले तर घरी बसायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण गाठी विकायच्या तर रोज शंभर बारीक निर्णय, आणि प्रत्येकाचा कागद लागतो. हाक देणाऱ्याला कागद आवडत नाही. आमच्यापैकी ज्यांना लोक भाषणासाठी बोलावतात, त्यांनी संचालक मंडळावर जाऊ नये असे आम्हाला वाटते. यात आम्हीही आलो. पटणार नाही काहींना. बैठकीत बोला.

आणि पदवीवाल्या व्यवस्थापकाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा सवाल: त्याचा पगार कोण देणार? अनुदानातून दिला तर तो अनुदानवाल्याचा नोकर. आमची सूचना अशी की पहिल्या दिवसापासून निदान निम्मा पगार क्विंटलमागच्या कमिशनमधून निघावा. माल कमी आला तर त्याला झळ लागावी, जास्त आला तर बक्षीस मिळावे. तो आपल्या जिल्ह्यातलाच असला तर उत्तम, पण कोणत्याही संचालकाच्या घरातला नसावा. एका कुटुंबातला एकच संचालक, ही अट नियमावलीतच घाला, तोंडी ठेवू नका. माल धरून ठेवायचा की विकायचा हे सभासदागणिक ठरू द्या. ज्याला आज पैसे हवेत त्याचा माल आजच्या भावात, ज्याला थांबायचे त्याच्या नावाची पावती वेगळी. ज्वारीचेही तेच. आषाढापर्यंत मालदांडी ठेवण्याची ऐपत ज्याच्यात आहे त्याच्या सोयीने, खळ्यावरच विकावी लागणाऱ्याचा निर्णय होऊ नये.

एक गोष्ट कायद्यात आहे आणि ती कोणी सांगत नाही. एकतृतीयांश सभासदांनी लेखी सह्या दिल्या तर मंडळाला विशेष सभा बोलवावीच लागते. तीनशेच्या कंपनीत शंभर सह्या. आणि सभेला एकचतुर्थांश हजेरी नसेल तर कोरम नाही, मग घरोघर वही फिरवून सह्या गोळा करणे हा सरळ खोटेपणा आहे. तो आपल्या तालुक्यांत चालतो. आपण त्याला सोय म्हणतो.

मायबहिणींबद्दल शेवटी लिहितो आहोत, ही आमची जुनीच खोड. वेचणी बाईची, निंदणी बाईची, कापसातली पत्ती आणि कवडी निवडणारे हात तिचे, आणि भागाचा दाखला नवऱ्याच्या नावाने, कारण सातबारा त्याच्या नावाने. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी ज्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावाने जमीन केली त्यांच्या घरात आज सभासद होऊ शकणाऱ्या बाया आहेत. बाकीच्यांचे काय? रुईची प्रत वेचणीत ठरते. मग वेचणारीला मत नको आणि ग्रेड हवी, हे कसे चालेल? उत्पादक कोणाला म्हणायचे हे नियमावलीत स्पष्ट लिहून घेता येते का, ते वकिलाला विचारून बैठकीत सांगू.

ठरावाचा मसुदा तालुका प्रतिनिधींकडे आहे. येण्याआधी गावात एकदा वाचून घ्या. मागच्या कंपनीत ज्यांचे दोन-दोन हजार अडकले, त्या गावांच्या लोकांना बैठकीत पहिल्यांदा बोलू द्यावे, अशी विनंती आम्ही अध्यक्षांना केली आहे. त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला आम्ही समोर बसू, मंचावर नाही. तो म्हातारा कास्तकारही येणार आहे. त्याच्यासाठी जमाखर्चाची एक प्रत मोठ्या अक्षरात लिहून घेतली आहे.